सुईचा कौल

परभणीतल्या त्या दवाखान्यात पोटाच्या डॉक्टर पद्मजाबाई फक्त गुरुवारी येत. संभाजीनगरहून यायच्या, त्यामुळे गुरुवार म्हटला की बाकड्यावर टेकायला जागा मिळणं हेच मोठं काम. राजेश्रीनं सकाळीच येऊन कोपरा धरला होता. शेजारी सासू बायनाबाई बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. राजेश्रीचा नवरा भागवत कागदांची पिशवी छातीशी धरून येरझारा घालत होता. झरीच्या शाळेत दंगेखोर वर्ग एका नजरेत गप्प बसवणारा मास्तर, पण दवाखान्याची पायरी चढली की त्याचे हातपाय गळत.

दुखणं सापडलं तेही आडवळणानं. बायनाबाईंचं पोट दुखतं म्हणून सीटी स्कॅन काढला. दुखणं निघालं साधं पित्ताचं, पण त्या फोटोत स्वादुपिंडाच्या शेपटाकडे चिंचोक्याएवढी गाठ दिसली. पद्मजाबाईंनी मागच्या गुरुवारी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

"या जागेच्या गाठी बहुतेक वाईटच निघतात. पण सगळ्याच नाही. कधी टीबीची निघते. कधी एखादी दुर्मीळ जातीची निघते, ती काढून टाकली की माणूस ठणठणीत. नुसत्या फोटोवरून मी काही सांगणार नाही. तोंडातून दुर्बीण घालायची, तिच्या टोकालाच सोनोग्राफी असते. जठराच्या आतून गाठ दिसली की तिथूनच सुई घालून बारीकसा तुकडा घ्यायचा. तो तपासला की कळेल."

भागवतनं समजल्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडला. राजेश्रीलाही वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. बायनाबाई सासू म्हणून जाच करणाऱ्या नव्हत्या. सुनेच्या बाळंतपणात त्यांनी तिला माहेरी जाऊ दिलं नाही, कारण माहेरी करायला आई नव्हती. सव्वा महिना स्वतः न्हाऊमाखू घातलं.

तर आज ती सुई होती आणि उपाशीपोटी यायचं होतं. बायनाबाईंना उपासाचं काय नवल! मंगळवार-शुक्रवार त्या निर्जळी धरत, कारण त्या दिवशी त्यांच्या अंगात आई यायची. सासरे वारले त्या सालच्या नवरात्रात पहिल्यांदा आली आणि पाच वर्षांत पंचक्रोशीत नाव झालं. दुपार कलली की बायनाबाईंना घाम फुटायचा, डोळे फिरायचे, आवाज जड व्हायचा. ओट्यापुढं बसलेले लोक कौल मागायचे. कौल झाला की ओटी भरून त्यांच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा, म्हणजे आई शांत होऊन निघून जायची. ही रीत कुणी घालून दिली नव्हती, आपली आपणच पडली होती.

आणि आज गुरुवार असून आई आली.

आधी बायनाबाईंच्या ओठावर घाम दिसला. मग बोटं मांडीवर वळायला लागली, मान डुलायला लागली. "न्हाई," कुणी काही विचारलं नव्हतं तरी त्या म्हणाल्या. भागवत जागच्या जागी थांबला आणि हात जोडून उभा राहिला. समोरच्या एका म्हाताऱ्यानं चपला काढल्या, पुढं सरकला आणि पोरीच्या सोयरिकीचं विचारायला तोंडसुद्धा उघडलं. आपल्याकडं देव भेटला की माणूस वेळ वाया घालवत नाही.

"सरका! सरका सगळे!" म्हणत सिस्टर आली. तिनं बायनाबाईंचं बोट धरलं, टोचलं, रक्ताचा थेंब साखरेच्या यंत्राला लावला आणि एकदम ओरडली, "मॅडम, छत्तीस!"

पद्मजाबाई आतून धावत आल्या. "आजी, नाव काय तुमचं?"

"न्हाई."

"हे कोण, मुलगा का?"

"न्हाई."

"डोळे उघडा बरं आजी. साखर देते."

"न्हाई. न्हाई." बायनाबाईंनी तोंड फिरवलं, हात झटकला. सिस्टरनं दंड दाबून धरला आणि शिरेतून साखरेचं पाणी दिलं. बघता बघता मान डुलायची थांबली. बायनाबाईंनी डोळे उघडले, भोवती गर्दी बघून लाजल्या आणि पदर सारखा केला. राजेश्री भिंतीला पाठ लावून उभी होती. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, तो जड, खालचा, कुणाचं ऐकून न घेणारा आवाज.

"असं याआधी झालंय?" पद्मजाबाईंनी विचारलं.

राजेश्री म्हणाली, "दर मंगळवारी अन् शुक्रवारी."

"मग काय करता?"

"तोंडात गूळ घालताव."

"आणि बऱ्या होतात?"

"लगेच."

पद्मजाबाईंनी चष्मा काढून पुसला. मग भागवतला बाजूला घेऊन बोलल्या, पण राजेश्रीला सगळं ऐकू येत होतं. "क्वचित अशी गाठ होते की ती साखर उतरवणारा रस गाळत बसते, शरीराला गरज असो नसो. पोट रिकामं असलं की साखर फारच खाली जाते. मेंदू उपाशी राहिला की माणूस भलतंच बोलतो, नंतर त्याला काही आठवत नाही. तसली गाठ असेल तर तुमचं नशीब चांगलं. पण अंदाजावर मी पोट कापायला सांगणार नाही. सुई काय म्हणते ते बघू."

भागवतचा चेहरा असा उजळला, जणू आईला नवा जन्मच मिळाला. राजेश्रीच्या मात्र पायाखालची जमीन सरकली.

कारण दोन वर्षांपूर्वी भादव्यात प्राचीला ताप आला होता. प्राची त्यांची पोर, दुसरीत होती. ताप चढला, उतरला आणि उतरल्यावर पोर जास्तच मलूल झाली, दंडावर लाल ठिपके आले. भागवतनं जीप आणून दारात उभी केली. वार शुक्रवार होता. आजारी माणूस वेशीबाहेर काढायचं तर आधी कौल घ्यायचा, असं तोवर गावात होऊनच गेलं होतं. तरी भागवत म्हणाला होता, "आता टाइम न्हाई, बस गाडीत." राजेश्रीच म्हणाली, "पाच मिनिटं. आईला इचारून निघू." तिनं पोरीला ओट्यापुढं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "न्हेऊ का दवाखान्यात?" बायनाबाई डुलत म्हणाल्या, "न्हाई." राजेश्रीनं खात्री करायला पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. जीप परत पाठवली. रविवारी उजाडताना प्राची गेली.

बायनाबाईंना त्यातलं काही आठवत नव्हतं. आपण काय बोललो हे त्यांना लोकांकडून कळलं. लोक म्हणाले, आईनं आपलं लेकरू आपल्याजवळ नेलं, मोठ्या भाग्याचं घर. राजेश्रीनं ते बोलणं घट्ट धरून ठेवलं. पोर आईच्या मांडीवर आहे, एवढ्यावर ती सकाळी उठत होती, भाकरी थापत होती, त्याच ओट्याला रोज सारवण घालत होती. ते नसतं तर ती त्या घरात एक दिवस राहिली नसती, कदाचित कुठंच राहिली नसती.

ते खरं होतं का, हेच आता ती सुई विचारायला निघाली होती.

साखरेचं सलाईन चालू ठेवूनच बायनाबाईंना आत नेलं, झोपेचं औषध दिलं. दाराच्या काचेतून राजेश्रीला एवढंच दिसलं की सासूच्या तोंडात काळी नळी आहे आणि पडद्यावर नुसता करडा धूर. त्या धुरात एक काळपट गोल ठिपका. मग बाजूनं एक पांढरी रेघ आली, ठिपक्यात शिरली आणि आतल्या आत मागंपुढं हलली. पद्मजाबाईंची नजर पडद्यावरून हलत नव्हती. बाहेर आल्यावर त्यांनी बाटली दाखवली. पाण्यासारख्या औषधात शेवयाच्या तुकड्यासारखं काहीतरी तरंगत होतं. "पुरेसं मिळालं. लॅबमध्ये याला वेगवेगळे रंग लावून बघतील. दोन गुरुवार थांबा."

त्या दोन आठवड्यांत भागवत रोज मारुतीला जायला लागला. ती दुर्मीळ गाठ निघू दे, म्हणायचा. राजेश्रीही हात जोडायची. आधी ती मागायची, टीबी निघू दे. टीबीला गोळ्या असतात, सासूही वाचेल आणि आईही राहील. उपाशीपोटी कुणाचीही साखर उतरते, डॉक्टरलोकांना प्रत्येक गोष्टीत रोगच दिसतो, असं ती स्वतःला समजावायची. पण या जागेच्या गाठी बहुतेक वाईटच निघतात, या पद्मजाबाईंच्या बोलण्यापुढं टीबी काही टिकेना. मग एके दिवशी तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिच्या लक्षात आलं की आपण काय मागतोय. ती मागत होती की वाईटातली वाईट गाठ निघू दे. म्हातारी मेली तरी चालेल, पण कौल खरा ठरू दे. समोर बायनाबाई तिच्याच सुपात शेंगा सोलून टाकत होत्या. "दमलीस का गं? ठिव, मी करते," म्हणाल्या. राजेश्रीला स्वतःची इतकी किळस आली की ती उठून गोठ्यात गेली आणि गाईच्या पाठीवर डोकं टेकून कितीतरी वेळ उभी राहिली. पण मागणं काही मागं घेतलं नाही.

दुसऱ्या गुरुवारी रिपोर्ट आला. पद्मजाबाई चक्क हसत होत्या.

"तीच निघाली. न्यूरोएन्डोक्राईन म्हणतात हिला, फार थोड्या लोकांना होते. तुकड्यातल्या पेशी तोच साखर उतरवणारा रस बनवतायत, त्या दिवशी घेतलेल्या रक्तातही तेच दिसलं. पसरलेली नाही. पुढच्या महिन्यात संभाजीनगरला ऑपरेशन करू, आजी शंभरी गाठतील. तोवर एकच काम, यांना उपाशी ठेवायचं नाही. दर दोन-तीन तासांनी खायला द्यायचं, रात्रीसुद्धा उठवून."

भागवत वाकून पाया पडायला गेला. बायनाबाई गोंधळून सगळ्यांकडं बघत होत्या. माणूस हसतंय म्हणजे बरंच असणार, म्हणून त्याही हसल्या.

"मॅडम, ही गाठ कधीपासून आसंल?" राजेश्रीनं विचारलं.

"हळू वाढते ही. तुम्ही सांगता त्यावरून पाच वर्षं तरी."

"अन् त्या टायमाला माणूस बोलतंय, त्याला काई अर्थ आसतो का?"

"काहीच नाही हो. तुम्ही होता ना त्या दिवशी? मी नाव विचारलं तरी नाही, मुलगा विचारला तरी नाही. त्या वेळी काहीही विचारलं असतं तरी तेच म्हणाल्या असत्या."

चांगल्या मनाची बाई. आपण काय बोलून गेलो हे तिला कळण्याचं कारणच नव्हतं. भागवतनं बायकोकडं पाहिलं, त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं आणि तो पिशवीत कागद भरू लागला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. गावाला अजून खबर नव्हती. भागवत शाळेला सुट्टी टाकून घरीच होता. दुपारी ओट्यापुढं एक टेम्पो येऊन थांबला. पलीकडच्या गावचा बन्सीधर नावाचा शेतकरी उतरला, मागोमाग दोघींनी धरून त्याच्या सुनेला उतरवलं. बाळंतीण होती, आठवडाही झाला नव्हता. अंग तव्यासारखं भाजत होतं, दात वाजत होते.

"परभणीला न्ह्यावं म्हनतो," बन्सीधर हात जोडून म्हणाला, "पर कौल घेतल्याबिगर कसं न्ह्यावं? आईला इचारा की."

बायनाबाईंना राजेश्रीनं तासाभरापूर्वीच गूळ-पोळी खाऊ घातली होती. त्या ओट्यावर साध्या बसल्या होत्या, चारचौघींसारख्या. "आज आई यायची न्हाई बाबा," त्या ओशाळून म्हणाल्या. "डाक्टरनं मला उपास बंद केलाय."

"मग आमी थांबताव. सांज होऊ द्या, उपास धरा, कायबी करा, पर कौल द्या. लेकरू अंगावर पितंय हो हिच्या."

बायनाबाईंनी सुनेकडं पाहिलं. राजेश्रीला तिथं उभं राहवेना आणि आत जाववेना. त्या पोरीचे ओठ सुकून फुटले होते. राजेश्री ओट्यावरून खाली उतरली.

"काका, हिला आत्ताच्या आत्ता न्ह्या."

"तू कोन सांगनार? कौल..."

"आई कदीच येत न्हवती!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की बाळंतिणीनंसुद्धा डोळे उघडले. "आत्याबाईच्या पोटात गाठ हाय. साखर उतरली की त्या बरळतेत, अन् काईबी इचारलं तरी न्हाईच म्हनतेत. सुई घालून तपासलंय. माझ्या पोरीला कुन्या आईनं न्हेलं न्हाई, काका. हितं जीप उभी हुती, दारात. बाप म्हनत हुता चल. मी थांबिवली ती जीप. मी मारली माझी पोर. आता तुमी हिला मारू नका!"

बन्सीधरला पटलं की भ्याला, सांगता येत नाही. पण तो टेम्पोकडं वळला. भागवत पुढं झाला, त्यानं बाळंतिणीला आत चढवलं आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. टेम्पो वेशीकडं गेला. जमलेल्या बायका एकमेकींकडं न बघता आपापल्या घरी निघून गेल्या. त्यातल्या एकीनं जाताना ओट्यापुढं थुंकलं.

बायनाबाई कधी आत गेल्या ते राजेश्रीला कळलं नाही. ती आत गेली तेव्हा त्या देवघरापुढं बसल्या होत्या. राजेश्रीनं ताटात भाकरी आणि दूध ठेवलं. त्यांनी ताट सरकवून दिलं.

"खावा, आत्याबाई."

"मला उपाशी ऱ्हाऊ दे."

"डाक्टरनं काय सांगितलं?"

"डाक्टर डाक्टरच्या घरी." बायनाबाईंनी वर पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते आणि तेच बघवत नव्हतं. "मी म्हनाले न्हेऊ नका? माझ्या नातीला? मला तं काईच आठवत न्हाई गं. आई म्हनाली आसंल, म्हनून मी गप हुते. तिचं तिला ठाऊक. आता तू म्हनतीस ती न्हवतीच. मग एकदा येऊन सांगू दे तिला. उपाशी ऱ्हाते, येती का बघू. न्हाई आली तं मी मरंन, बरंच हाय."

राजेश्री समोर बसली. ताट दोघींच्या मध्ये तसंच पडलं. हिला जबरदस्तीनं खाऊ घालावं हे तिला कळत होतं, आणि तरी तिचा हात पुढं जाईना. कारण तिलाही तेच हवं होतं. एकदा, फक्त एकदा यावी. त्या जड आवाजात सांगावं की हो, पोर माझ्याजवळ आहे. मग ते रिपोर्ट चुलीत गेले तरी चालतील. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून सरकून भिंतीवर चढली. दूध निवून त्यावर साय धरली. दोघी जणी एकमेकींकडं बघत आईची वाट बघत राहिल्या.

मग बायनाबाईंच्या ओठावर घाम आला. बोटं वळली. मान डुलू लागली.

राजेश्री पुढं सरकली. "कोन हाय?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "आई हाय का?"

"न्हाई."

"माझी प्राची तुझ्याजवळ हाय का?"

"न्हाई."

"न्हेऊ का तिला दवाखान्यात? सांग ना. न्हेऊ का?"

"न्हाई... न्हाई..." बायनाबाईंचे डोळे तिच्याकडं होते, पण त्यात कुणीच नव्हतं, ना आई, ना सासू. नुसतं एक भ्यालेलं, घामानं निथळणारं म्हातारं शरीर होतं, आणि ते मरायला लागलं होतं.

राजेश्री उठली. तांब्यात साखर ओतून बोटांनीच ढवळली. बायनाबाईंनी दात आवळले, मान झटकली, तिच्या हाताला चावल्या. राजेश्रीनं त्यांचं डोकं मांडीवर दाबून धरलं, गालात बोट घालून दात उघडले आणि ते पाणी गालाच्या आतून थोडं थोडं सोडत राहिली. अर्धं पातळावर सांडलं. बायनाबाई नाहीच म्हणत होत्या. या वेळी तिनं ऐकलं नाही.

थोड्या वेळानं अंग सैल पडलं. बायनाबाईंनी डोळे उघडले, सुनेचा रक्ताळलेला हात पाहिला आणि हळूच विचारलं, "आली हुती का गं? काय म्हनाली?"

"कुनी आलं न्हवतं, आत्याबाई. तुमीच हुतात."

आईनं नेलेल्या लेकरासाठी रडायचं नसतं, तो आईचा अपमान होतो, असं गावानं सांगितल्यामुळं त्या घरात प्राचीसाठी कुणी कधी मोठ्यानं रडलंच नव्हतं. बायनाबाईंनी आधी हंबरडा फोडला. सुनेच्या मांडीत तोंड खुपसून त्या "माझी प्राची, माझी प्राची" करत राहिल्या, आणि मग राजेश्रीच्याही छातीतून दोन वर्षं अडकलेला आवाज बाहेर पडला. शेजारपाजारच्या बायकांना वाटलं घरात आजच कुणी गेलं, म्हणून त्या धावत आल्या आणि दारातच थांबल्या. कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून उंबऱ्याशी ठेवला.